घर रिनोव्हेट करायचं की बदलायचं? आधी बिल्डिंगकडे बघा

बाथरूम गळायला लागलं किंवा पोरगं दहावीत गेलं आणि त्याला वेगळी खोली हवी झाली की घरात एकच विषय सुरू होतो, हेच घर नीट करायचं की विकून दुसरीकडे जायचं. मग रविवारी निम्मे लोक टाइल्सच्या दुकानात आणि निम्मे बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये. दोन्ही नंतर. पुणे, ठाणे, डोंबिवलीकडच्या २५-३० वर्षं जुन्या सोसायटीतला वन बीएचके धरून सांगतो, कारण ही डोकेदुखी तिथेच जास्त आहे.

पायरी १: सेक्रेटरीला गाठा

फ्लॅट तुमचा असला तरी त्याचं आयुष्य बिल्डिंगच्या हातात. स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, शेवटचा रिपोर्ट आणि गेल्या दोन-तीन वर्षांची जनरल बॉडीची मिनिट्स मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सरकारने दिलेली नमुना नियमावली) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला पाहिजे, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी "करायचंय हो" एवढंच ऐकायला मिळतं. मग स्वतःच पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. कॉलमच्या कोपऱ्यालगत उभी सरळ भेग असेल तर बहुतेक वेळा आतली सळई गंजून फुगलेली असते, वरून सिमेंट थापून ते झाकलं जातं, थांबत नाही.

आणि रिडेव्हलपमेंटचं, म्हणजे जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधायचं, नक्की काय चाललंय ते विचारा. गप्पा सगळीकडेच असतात, बघायचं ते हे की कन्व्हेयन्स झालंय का (जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का), पीएमसी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट नेमलाय का, प्रकल्प परवडेल का हे सांगणारा फिजिबिलिटी रिपोर्ट आलाय का. २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, त्यामुळे चार जण अडून बसलेत म्हणून होणारच नाही असं धरून चालू नका. टेंडरपर्यंत गाडी आली असेल तर गळती बंद करा, रंग मारा आणि गप्प बसा, त्यात दहा लाख घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. विकायचीही घाई नको, मोठं घर कदाचित त्याच जागेवर मिळेल. कन्व्हेयन्सच झालेलं नसेल तर मात्र बरीच वर्षं आहेत, पुढे वाचा.

पायरी २: तक्रारी लिहून काढा

घरातल्या प्रत्येकाला विचारा, आजीलाही. मग एकेक तक्रार बघा, ही आपल्या चार भिंतींच्या आत सुटते का? ओटा छोटा, कपाटं नाहीत, फरशी उखडली, हे सुटतं. टँकरचं पाणी, पार्किंगची भांडणं, दीड तासाचा प्रवास, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, हे कुठलाही इंटिरियरवाला सोडवून देणार नाही. मोठी तक्रार बाहेरची असेल तर मॉड्युलर किचन करून सहा महिन्यांत पुन्हा तीच कुरकुर सुरू होते, हे अगदी लिहून घ्या.

पायरी ३: बदलायचा खर्च मांडा

लोक फक्त दोन घरांच्या किमतीतला फरक धरतात. समजा पुण्यात ८० लाखांचं विकून १ कोटी २० लाखांचं घेताय. फरक ४० लाख, पण स्टॅम्प ड्युटी ७ टक्क्यांनी ८ लाख ४० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, दोन्हीकडची एकेक टक्का दलाली धरली तर २ लाख, म्हणजे पावणेअकरा लाखांच्या आसपास असेच गेले आणि अजून एक खिळापण ठोकलेला नाही. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर ड्युटीत १ टक्का सूट मिळते, या हिशोबात १ लाख २० हजार. अंडर कन्स्ट्रक्शन घेतलात तर वर जीएसटी, साधारण ५ टक्के, कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळालेल्या घराला तो नाही. वरच्या ४० लाखांचं लोन साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं तर हप्ता ३४-३५ हजारांचा.

पायरी ४: दुरुस्तीचा खर्चही खरा मांडा

कॉन्ट्रॅक्टरचा पहिला आकडा म्हणजे सुरुवात. जुन्या घरात बाथरूमची फरशी काढली की खाली कोबा (फरशीखालचा काँक्रीटचा थर) भिजलेला आणि भिंतीतले जीआय म्हणजे लोखंडी पाइप आतून गंजून निम्मे बंद असं निघतं, मग सगळं प्लंबिंग सीपीव्हीसीमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपमध्ये, नवीन. म्हणून वर २०-२५ टक्के बाजूला ठेवाच. वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावायच्या आधी बाथरूममध्ये दोन दिवस पाणी कोंडून ठेवा आणि खालच्या काकांच्या छताला हात लावून बघा, कॉन्ट्रॅक्टर "गरज नाही साहेब" म्हणाला तरी. वायरिंगही त्याच तोडफोडीत बदलून घ्या, तेव्हाच्या वायरी दोन एसी आणि इंडक्शन धरून टाकलेल्याच नव्हत्या. हॉल मोठा करायला भिंत पाडायची असेल तर आरसीसी इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातोडा नको, कॉलम-बीमला तर हातच लावायचा नाही.

सोसायटीचं डिपॉझिट, दुपारी ठोकाठोक बंद, लिफ्टमधून सिमेंट न्यायचं नाही म्हणून बिगारी मजल्याप्रमाणे पैसे घेणार, राडारोडा उचलायचे वेगळे. आणि एकच संडास असेल तर काम चालू असताना राहणार कुठे? तेवढ्या महिन्यांचं भाडं याच कागदावर लिहा.

पायरी ५: तरी ठरत नसेल तर

जिथे जायचं मनात आहे तिथे ११ महिने भाड्याने राहा, आपलं घर भाड्याने द्या. मे महिन्यातलं पाणी आणि पावसाळ्यातला ट्रॅफिक दोन्ही कळतं, जे सॅम्पल फ्लॅटमध्ये कधीच कळत नाही.

विकायचंच ठरलं तर किचनमध्ये नवीन ट्रॉल्या वगैरे बसवू नका, घेणारा बहुतेक तोडूनच टाकतो. लाँग टर्म नफ्यावरचा टॅक्स वाचवायचा असेल तर तयार घर विक्रीच्या आधी १ वर्षात किंवा नंतर २ वर्षांत घ्यावं लागतं, बांधणार असाल तर ३ वर्षं मिळतात, तेव्हा सीएला सौदा व्हायच्या आधी भेटा. सोसायटी ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करायचे पैसे, मागेल, महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५ हजार आहे, डेव्हलपमेंट फंडाच्या नावाखाली जास्त मागितले तर लेखी मागा. आणि शेअर सर्टिफिकेट, आधीच्या सगळ्या ॲग्रीमेंट्स, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनच्या नोंदीचा उतारा) आणि मेंटेनन्सच्या पावत्या एका फाइलला लावून ठेवा, घेणाऱ्याच्या बँकेचा वकील तेच मागतो आणि एक कागद कमी पडला तरी सौदा महिनाभर लोंबकळतो.