सेकंडहँड बीएस-६ डिझेल गाडीचा डीपीएफ जागेवर आहे का, हे कसे तपासावे

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ ही प्रदूषण मानके लागू झाली आणि डिझेल मोटारीच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली; नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅम झाली. नुसते इंजिन सुधारून हे साधणारे नव्हते, म्हणून धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजेच डीपीएफ (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर), जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडीत आला. या फिल्टरमध्ये साचलेली काजळी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जळते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. पुण्या-मुंबईच्या गर्दीत रोज पाच-सात किलोमीटर रखडणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही, फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि एखादा गॅरेजवाला सांगतो की, ‘काढूनच टाका, रिमॅप करून देतो, ॲव्हरेजही वाढेल.’ (रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातील सॉफ्टवेअर बदलणे.) अशी गाडी पुढे विकायला येते तेव्हा विकणारा ही गोष्ट क्वचितच सांगतो. म्हणून तपासणी आपणच केलेली बरी.

आधी गाडी खरोखर बीएस-६ आहे याची खात्री आरसी बुकावरून करावी. समोरच्या काचेवरील नोंदणी स्टिकरवर डिझेलसाठी केशरी रंग आणि बीएस-६ साठी वरच्या कडेला हिरवी पट्टी असते. बीएस-४ च्या बहुतेक गाड्यांत डीपीएफ नव्हताच, त्यामुळे त्यांना पुढच्या कसोट्या लावू नयेत.

पहिली कसोटी फुकट आहे आणि माझ्या मते सर्वांत बोलकी आहे. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या टोकात बोट किंवा पांढरे फडके आतून फिरवावे. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीचे टोक हजारो किलोमीटरनंतरही आतून करड्या धातूच्या रंगाचे राहते आणि फडक्यावर फार तर धूळ येते. फडके काळेकुट्ट झाले, तर फिल्टर नाही, फुटला आहे किंवा आतून पोकळ केला आहे, असे समजावे. विक्रेत्याने टोक नुकतेच घासून चकचकीत केलेले दिसले, तर गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून, टोक निवल्यावर पुन्हा फडके फिरवावे.

यानंतर गाडी लिफ्टवर घ्यावी. अनेक गाड्यांत डीपीएफचा डबा टर्बोला लागून, उष्णतारोधक पत्र्याआड असतो. काहींत तो खालच्या बाजूला असतो. डबा जागेवर दिसला म्हणजे काम संपले असे नाही, कारण पुष्कळदा डबा कापून, आतली जाळी फोडून काढून, तो पुन्हा वेल्डिंगने बंद केलेला असतो. कारखान्याचा जोड सरळ, एकसारखा आणि बाकीच्या धातूइतकाच जुना दिसतो. हाताने मारलेला जोड खडबडीत असतो, त्याच्या आजूबाजूला धातू निळसर पडलेला असतो आणि तो डब्याच्या अशा भागात असतो जिथे जोडाचे काहीच प्रयोजन नसते. डब्याच्या दोन्ही टोकांकडून दाबमापक सेन्सरकडे जाणाऱ्या बारीक नळ्या जोडलेल्या आहेत का, हेही पाहावे. ईजीआरच्या, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात नेणाऱ्या, पाइपाच्या जोडात गॅस्केटऐवजी अखंड पत्रा घातलेला आढळला, तर धुराचा तो मार्गही बंद केलेला आहे.

आता स्कॅनर. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीतील दोष तपासण्याच्या जोडणीला) लावायचा स्कॅनर त्या कंपनीच्या गाडीची सविस्तर माहिती वाचणारा असावा. स्वस्त ॲपवर फक्त दोषांचे कोड दिसतात, आणि रिमॅप करताना नेमके तेच कोड दडपलेले असतात. फिल्टरच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) थोडा आणि ३००० आरपीएमला स्पष्टपणे जास्त दिसला पाहिजे. तो काटा शून्यावर किंवा एकाच आकड्यावर चिकटला असेल, काजळीचे प्रमाण कितीही चालवले तरी बदलत नसेल, किंवा शेवटच्या रिजनरेशनला (फिल्टरमधली काजळी जाळण्याच्या प्रक्रियेला) हजारो किलोमीटर झाले असतील, तर शंकेला जागा उरत नाही. ईसीयूमधील (इंजिनाच्या संगणकातील) सॉफ्टवेअरचा कॅलिब्रेशन क्रमांकही नोंदवून घ्यावा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तो त्या मॉडेलच्या मूळ क्रमांकाशी पडताळून घ्यावा. मात्र क्रमांक जुळला म्हणून निश्चिंत होऊ नये. हुशार रिमॅपवाला तो तसाच ठेवतो. डीईएफ (नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे युरियाचे द्रावण) लागणाऱ्या गाडीत आणखी एक प्रश्न विचारावा: शेवटचे डीईएफ कधी भरले आणि त्याची पावती कुठे आहे?

पीयूसी प्रमाणपत्रावर मात्र विसंबू नये. त्या चाचणीत ॲक्सिलरेटर दाबून धुराची घनता मोजतात आणि फिल्टर नसलेले आधुनिक इंजिनही त्यात निभावून जाऊ शकते. युरोपातही हीच अडचण होती. म्हणून बेल्जियमने २०२२ मध्ये, तर नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये आयडलवर धुरातील कण प्रत्यक्ष मोजणारी चाचणी सुरू केली.

छेडछाड सापडली तर गाडी सोडून द्यावी, हा माझा सरळ सल्ला आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि कलम १८२अ(४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ही जबाबदारी मालकावर आहे, आणि व्यवहारानंतर मालक तुम्ही असता.

तरीही गाडी घ्यायचीच असेल, तर दुरुस्तीचे लेखी कोटेशन आधी घेऊन ती रक्कम किमतीतून वजा करावी. दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा आहे. मूळ फिल्टर का चोंदला, हे प्रथम शोधावे: गळका इंजेक्टर, तेल टाकणारा टर्बो किंवा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह दुरुस्त न करता नवा डीपीएफ बसवला, तर तोही काही महिन्यांत भरेल. मग फिल्टर आणि सेन्सर बसवावेत, त्यानंतर अधिकृत केंद्रातून मूळ सॉफ्टवेअर टाकून घ्यावे आणि शेवटी फिल्टरच्या राखेची जुनी नोंद शून्यावर आणून घ्यावी. ही शेवटची पायरी राहिली, तर ईसीयू नव्या फिल्टरला जुनाच समजून चालतो.

इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कमी राखेच्या दर्जाचेच, बहुधा एसीईए सी२ किंवा सी३, भरावे; काजळी जळून जाते, पण ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची बसते. आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटे महामार्गावर स्थिर वेगाने गाडी चालवावी आणि दिवा लागल्यास रिजनरेशन पूर्ण होईपर्यंत इंजिन बंद करू नये. रिजनरेशन अर्धवट राहिले, तर त्यासाठी सोडलेले जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते, म्हणून डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर चढलेली दिसली, तर किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता ऑइल बदलून घ्यावे.