इंग्रजीच्या तासाला डिबेट घेताय? या चुका टाळा

ठाण्यात, कळव्यात, ऐरोली-घणसोलीला, जिथे जिथे मराठी आणि सेमी-इंग्रजीच्या वर्गांवर इंग्रजी शिकवलं, तिथे एकच चित्र दिसलं. 35 मिनिटांचा तास, समोर पन्नासेक मुलं, आणि बोलतात फक्त पहिल्या बाकावरची चार. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. याला डिबेट म्हणायला माझं मन धजत नाही.

सगळ्यात महागात पडते ती विषयाची निवड. कळव्यात आठवीला मी एकदा 'सोशल मीडिया: शाप की वरदान' दिला. दुसऱ्या दिवशी सहा जण एकच निबंध घोकून आले. विरोधी बाजूचा मुलगा चौथ्या ओळीला अडला, तर समोरच्या बाजूच्या मुलाने त्याला पुढचा शब्द पुरवला. वाद कुठे होता?

पुढच्या आठवड्यात विषय दिला: ठाण्याहून वाशीला जायचं तर लोकल बरी की बस? कधीच तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहिला. "ट्रेन फास्ट, बट माय ग्रँडमदर नॉट क्लाइंब ब्रिज." व्याकरण चुकलं होतं, पण मुद्दा त्याचा स्वतःचा होता. लगेच मागून कुणीतरी ट्रॅफिकचा मुद्दा काढला. त्या दिवसापासून माझा नियम ठरला: ज्या विषयावर निबंधाच्या पुस्तकात पान सापडतं, तो विषय घ्यायचा नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात रविवारी गाड्या सोडाव्यात का, हा विषय चालतो. नववी-दहावीला फ्लेमिंगो आणि पाणथळ जागेलगतच्या इमारती हा विषय देते. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, एवढी माहिती दोन्ही बाजूंना आधीच सांगते आणि 'वेटलँड', 'मायग्रेट', 'प्रोटेक्ट' हे शब्द फळ्यावर लिहून ठेवते.

विषय सांगितल्या सांगितल्या "चला, बोला" म्हणू नका. दोन मिनिटं द्या. त्यात मुलं आपापसात मराठीत बोलली तरी बोलू द्या.

दुसरी चूक मला जास्त लागते, कारण ती मीच केली आहे. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "आय ॲम ॲग्री." मी थांबवलं, "आय ॲग्री." ती पुन्हा बोलली, पुन्हा 'ॲम' आलं, मी पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा ती खाली बसली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिने हात वर केला नाही. खरं तर चूक सरळ मराठीतून आलेली होती. आपण 'मी सहमत आहे' म्हणतो, त्या 'आहे'चं तिने 'ॲम' केलं. त्यात विचार होता, आळस नव्हता. आता मूल बोलत असताना मी फक्त वहीत टिपते. शेवटची पाच मिनिटं राखून तीन-चार वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहिते आणि वर्गालाच दुरुस्त करायला सांगते.

हरलं कोण, जिंकलं कोण, हे दर वेळी जाहीर करायची गरज नाही.

4-3-2 ही जुनी रीत पुष्कळांना माहीत असते: तेच म्हणणं तीन वेगळ्या श्रोत्यांना आधी चार, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायचं. लहान वर्गांना चार मिनिटं फार होतात, म्हणून मी 60, 45 आणि 30 सेकंद ठेवते. एक बाक मागे वळवला की जोड्या तयार होतात, आणि प्रत्येक फेरीनंतर एका बाजूची मुलं एकेक जागा सरकतात. वर्गात कल्ला होतो, तो होऊ द्यावा. पण वेळ वाचवायला एकच फेरी घेणारे शिक्षक पाहिले की मला राग येतो. पहिल्या फेरीत मूल शब्द शोधत असतं. दुसरीत ते सापडलेले असतात. तिसऱ्या फेरीत ते समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलतं, आणि नेमकी तीच फेरी कापली जाते.

'ॲम'वर अडलेली ती मुलगी जानेवारीत पुन्हा बोलली, ते अशाच तिसऱ्या फेरीत, समोर एकच मैत्रीण असताना.