कोलोरॅडोत एल्कचं लायसन्स: आधी जमीन, मग अर्ज

मार्च लागला की ओळखीतल्या मराठी मंडळींपैकी कुणाचा तरी फोन येतोच. "ताई, एल्कसाठी कुठला कोड भरू?" एल्क म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण, आणि त्याच्या शिकारीच्या लायसन्ससाठी अर्जात कोड भरावा लागतो. मी उलट विचारते, "आधी सांग, पाय कुठे ठेवणार आहेस?"

हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी कुणीतरी विचारायला हवा होता. मी फोर्ट कॉलिन्सला राहते, मूळची शाहूवाडीची. लायसन्सं सोडतीने, म्हणजे ड्रॉने, मिळतात. पहिला अर्ज भरताना मी एवढंच पाहिलं की अमुक कोडला लायसन्स सहज लागतं. लागलंही. शेजारच्या आजोबांना कौतुकाने निकाल दाखवला. त्यांचं आयुष्य शिकारीत गेलंय. त्यांनी फोन हातात घेतला, कोड दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे फक्त खासगी जमिनीवर चालतं. कुणाची जमीन आहे?" माझ्या ओळखीचा एकही शेतकरी नव्हता. लायसन्स लागलं होतं आणि उभं राहायला वीतभर जागा नव्हती.

म्हणून कोड वाचायला शिका. नमुन्यादाखल ई-एफ-००४-पी५-आर घ्या. पहिलं ई म्हणजे एल्क, एफ म्हणजे मादी (एम असेल तर नर, ई असेल तर दोन्हींपैकी एक), ००४ हा युनिटचा, म्हणजे शिकारीच्या विभागाचा, आकडा, शेवटचं आर म्हणजे रायफल. मधल्या हंगामाच्या जागी 'ओ' असेल तर नेहमीचा हंगाम. 'पी' असेल तर त्या युनिटमधली फक्त खासगी जमीन. हे एक अक्षर माझ्या नजरेतून सुटलं होतं.

आता जमिनीचं. कोलोरॅडोत नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएम (केंद्राचं जमीन खातं) यांच्या सरकारी जमिनी अफाट आहेत, तिथे कुणाला विचारावं लागत नाही. स्टेट वाइल्डलाइफ एरियात, म्हणजे राज्याच्या वन्यजीव क्षेत्रात, वैध शिकार किंवा मासेमारी लायसन्स असेल तर जाता येतं. स्टेट ट्रस्टच्या (राज्याच्या मालकीच्या) जमिनींचं मात्र नीट पाहा: सगळ्या खुल्या नसतात, ज्या असतात त्याही ठरावीक तारखांपुरत्या. वन्यजीव खात्याचा हंटिंग अ‍ॅटलस फुकट आहे. मी रात्री जेवणं झाली की तो उघडून बसते आणि युनिटमधल्या सरकारी तुकड्यांपर्यंत सार्वजनिक रस्ता पोचतो का, एवढंच शोधते. चारी बाजूंनी खासगी रान असलेला सरकारी तुकडा नकाशावर छान दिसतो, पण आत शिरायला वाट नसते. आणि या राज्यात खासगी जमिनीला कुंपण किंवा पाटी असलीच पाहिजे असं नाही. हद्द कुठे आहे हे ओळखणं आपल्यावर.

खासगी जमिनीसाठी माणसं शोधावी लागतात, आणि तेही शिकारीच्या आदल्या आठवड्यात नाही. त्या वर्षी मी जूनमध्येच निघाले. कॅमेरॉन पास ओलांडून वॉल्डन, स्टीमबोट आणि पुढे क्रेग. क्रेगच्या आसपास गवताची कुरणं आणि लसूणघासाची शेतं आहेत. रात्री एल्कचा कळप घासात उतरतो आणि शेतकऱ्याची कापणी खाऊन जातो. आमच्याकडे गवा उसात शिरतो तसंच. नर एल्कसाठी जमीनमालक पुष्कळदा पैसे मागतात, पण मादी मारायला येणारा माणूस त्यातल्या बऱ्याच जणांना हवाच असतो. माझा कोडही मादीचाच होता. हे कळलं तेव्हा त्या चुकीच्या कोडची भीती थोडी कमी झाली.

तीन ठिकाणी नकार मिळाला. चौथ्या ठिकाणी एक गृहस्थ पाटात उभे होते, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. लाकडी दांड्याला बांधलेलं नारिंगी ताडपत्रीचं फडकं त्यांनी पाटात आडवं टाकलं, वर दोन ढेकळं ठेवली, पाणी तुंबलं आणि काठावरून गवतात पसरायला लागलं. मी गाडीतून उतरून बघत राहिले. माझे बाबा उसाला असंच दारं धरतात, फक्त फडक्याऐवजी फावड्याने माती ओढतात. तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी बाबांकडे किती जमीन आहे ते विचारलं, गव्याबद्दल विचारलं, मग माझं लायसन्स पाहिलं. तासाभराने परवानगी मिळाली.

जाताना माझ्याकडे एका पानावर लिहून आणलेलं होतं: माझं नाव, गाडीचा नंबर, कुठल्या तारखांना, किती माणसं. ते त्यांच्याकडून सही करून घेतलं. तोंडी 'हो'वर विसंबू नका. गाडी कुठे लावायची, गुरं कुठे आहेत, कुठल्या दिशेला गोळी झाडायचीच नाही, हे त्यांच्याबरोबर फिरून बघा. फाटक उघडं सापडलं तर उघडंच ठेवायचं, बंद सापडलं तर बंद. आणि भाऊ-मित्र कुणी सोबत येणार असेल तर ते आधी सांगायचं.

जमीन ठरली की अर्ज तासाभराचं काम. १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं (शिकार-प्रशिक्षणाचं) कार्ड लागतं. ते हिवाळ्यातच करून घ्या, वर्ग पटापट भरतात. ड्रॉआधी एखादं पात्रता लायसन्स विकत घ्यावं लागतं. मी स्मॉल गेमचं, म्हणजे छोट्या प्राण्यांच्या शिकारीचं, वार्षिक घेते. अर्जाची शेवटची तारीख एप्रिलचा पहिला मंगळवार, रात्री आठ. चार पसंती भरता येतात. प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे ड्रॉमध्ये अग्रक्रम देणारे साठवलेले गुण, खर्च होतात ते फक्त पहिल्या पसंतीला. दुसरी किंवा पुढची लागली तर पॉइंट शाबूत. म्हणून माझा सल्ला असा: पहिल्या पसंतीला फक्त पॉइंट जमवण्याचा कोड टाका आणि दुसरीला आपल्याला जमीन मिळालेली आहे तिथला सोपा कोड. गटाने अर्ज केला तर सगळ्यात कमी पॉइंट असलेल्या माणसाचे पॉइंट धरले जातात, तेव्हा नवख्याला सोबत घेताना विचार करा. ड्रॉ नाही लागला तर जूनमध्ये दुसरा ड्रॉ असतो, आणि ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी सकाळी नऊला उरलेली लायसन्सं विक्रीला येतात. मादीची, खासगी जमिनीची त्यात बरीच असतात.

व्हिसावर असलेल्यांनी हे नीट वाचा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. राज्याने दिलेलं वैध शिकार लायसन्स हातात असेल तर त्याला अपवाद आहे. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. मित्राची बंदूक हातात घेणं हेही बाळगणंच. स्वतःच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई लागू नाही.

रायफलच्या हंगामात कमरेच्या वर निदान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड अंगावर हवं, त्यात टोपी आलीच. एल्क पडली की आधी टॅगवर (लायसन्सच्या चिठ्ठीवर) सही आणि तारीख, मग चाकू. मांस काढताना मादी असल्याची खूण तुकड्याला जोडलेली ठेवा. डोकं तपासणीला द्या: क्रॉनिक वेस्टिंग हा हरणांचा जीवघेणा रोग १९६७ साली फोर्ट कॉलिन्सच्याच एका संशोधन केंद्रात पहिल्यांदा दिसला, आणि तो आता राज्यात बऱ्याच ठिकाणी आहे. निकाल येईपर्यंत मी मांस फ्रीझरमध्ये ठेवते. त्यानंतरच रस्सा.

पहिली पुडकी मी क्रेगला पोचवते. त्या गृहस्थांना पाठीच्या मऊ मांसाचा तुकडा आवडतो, त्यांच्या बायकोला खिमा. फेब्रुवारीत वन्यजीव खात्याचं शिकारीचं नवीन माहितीपुस्तक आलं की त्यांना फोन करते: पाणी कसं आहे, कळप कुठल्या शेतात उतरतोय, यंदा मी आलेली चालेल का. त्यांनी हो म्हटलं की मग कोड भरायला बसते.