हंगेरीची नाणी जमवताय? मग या चुका टाळा

हंगेरीची नाणी नव्या माणसाला फार सोपी वाटतात. स्वस्त मिळतात, दिसायला छान असतात, बगळा आहे, ससाणा आहे, फुलं आहेत, आणि आकडा मोठा लिहिलेला असतो त्यामुळे ओळखायलाही वेळ लागत नाही. म्हणूनच लोक नाणं नीट न वाचता घेतात, आणि मग मला व्हॉट्सॲपवर फोटो येतो, ‘दादा हे रेअर आहे का?’ बहुतेक वेळा नसतंच. त्यापेक्षा वाईट म्हणजे खरंच चांगलं नाणं असतं आणि त्याची वाट लावून झालेली असते.

साफ करणं

यावर मी कितीही बोललो तरी कमीच आहे. ओळखीतला एक मुलगा, सांगलीकडचा, कंपनीच्या प्रोजेक्टवर बुडापेस्टला होता. त्याने तिथे दुकानातून मिळालेली सुटी नाणी बाजूला काढून ठेवली, सुट्टीच्या दिवशी एचेरीच्या जुन्या बाजारात जाऊन ॲल्युमिनियमचे फिल्लेर, म्हणजे फोरिंटची जुनी चिल्लर, घेतले, फार मन लावून जमवलं होतं पोराने. त्यात पन्नास फोरिंटची स्मारक नाणी होती, २००४ चं युरोपियन युनियनचं, २००६ चं १९५६ च्या उठावाच्या पन्नास वर्षांचं, आणि ती वापरात फिरूनही चांगल्या अवस्थेत होती. घरी आला आणि मला दाखवायच्या आधी सगळी चिंचेच्या कोळात टाकली. देवघरातली भांडी आई तशीच घासते ना, मग नाण्याला काय होतंय! माझ्याकडे डबा घेऊन आला, झाकण उघडलं आणि म्हणाला, ‘काका, बघा कशी चकाचक झालीत.’

वीस फोरिंटचं नाणं निकेल-ब्रासचं असतं, त्याचा रंग पिवळा. त्याची नाणी गुलाबी झाली होती. आंबट लागलं की पितळेच्या वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांबं वर येतं, तो गुलाबीपणा परत जात नाही. त्यावरचं आयरिसचं फूल अगदी पाकळीच्या रेषेपर्यंत गुलाबी, आणि खोबणीत मात्र काळपट. पन्नासची नाणी क्युप्रोनिकेलची, त्यांना चिंचेने फारसं काही केलं नव्हतं, पण ती घासणीने घासली होती. भिंगाखाली ससाण्यावर सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसत होत्या. आणि फिल्लेर? ते खायचा सोडा टाकून गरम पाण्यात ठेवले होते. ॲल्युमिनियमला सोडा चालत नाही, काळपट राखाडी होतं. त्याला मी ओरडलो नाही, पण मन फार खट्टू झालं कारण असं नाणं परत मूळ रूपात आणता येत नाही, आणि ज्याला नाणी कळतात तो माणूस अशा नाण्याला हातही लावत नाही.

मी काय करतो ते सांगतो. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवतो, काढून सुती कापडावर नुसतं टिपतो. चिकटपणा किंवा तेल असेल तर केमिकलच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर नाही. बास. चोळणं नाही, पावडर नाही, टूथपेस्ट तर अजिबातच नाही. आणि युट्यूबवर ‘दोन मिनिटांत नाणं नवं करा’ असं कोणी दाखवत असेल तर ते बघूच नका, ज्याला दोन मिनिटांत सगळं हवं आहे त्याने हा छंद धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

देशाचं नाव न वाचता नाणं घेणं

ही माझ्या दृष्टीने दुसरी मोठी चूक. लोक म्हणतात ‘पाच फोरिंट आहे माझ्याकडे, झालं.’ अहो, कुठलं पाच फोरिंट?

फोरिंट चलन आलं १ ऑगस्ट १९४६ ला. त्याआधीच्या पेंग्योचं महागाईने इतकं वाटोळं झालं होतं की एका फोरिंटला चारवर एकोणतीस शून्यं एवढे पेंग्यो असा हिशोब लागला. त्यानंतर देशाचं अधिकृत नाव बदलत गेलं आणि नाण्यावर ते उतरलं. १९४९ पासून १९८९ पर्यंत लोकप्रजासत्ताकाचं नाव, म्हणजे ‘मॉज्यार नेपकोझतार्शाशाग’. मग १९९० पासून २०११ पर्यंत नुसतं प्रजासत्ताक, ‘मॉज्यार कोझतार्शाशाग’. आणि १ जानेवारी २०१२ ला नवी राज्यघटना लागू झाली, तेव्हापासून नाण्यावर फक्त देशाचं नाव, ‘मॉज्यारोर्साग’. मी नव्या माणसाला एवढंच सांगतो, नाव एकाच शब्दात असेल तर २०१२ किंवा त्यानंतरचं, दोन शब्द असतील तर दुसरा शब्द एनने सुरू होतोय की केने ते बघ. एन म्हणजे कम्युनिस्ट काळ, के म्हणजे त्यानंतरचा, किंवा वर्ष १९४९ च्या आधीचं असेल तर त्याआधीचा. एवढं केलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

आता हे का महत्त्वाचं, तर १९९० नंतर काही वर्षं जुन्याच डिझाईनची नाणी नव्या नावाने निघाली. लांबून बघितलं तर जुनं, वाचलं तर नवं. आणि २०११ चं व २०१२ चं पाच फोरिंट शेजारी ठेवा, बगळा तोच, आकार तोच, पण तुमच्या संग्रहात ती दोन वेगळी नाणी आहेत. मी अल्बममध्ये मूल्याप्रमाणे नाही तर आधी नावाप्रमाणे पानं पाडतो, मग मूल्य, मग वर्ष. कॅटलॉग वेगळ्या क्रमाने लावतात, लावू देत, मला माझी पद्धत जास्त बरी वाटते कारण काय हवंय ते पान उघडल्याबरोबर कळतं.

आणि ‘बीपी’ अक्षरं बघून हुरळून जाऊ नका. तो बुडापेस्ट टाकसाळीचा मिंटमार्क आहे, बहुतेक सगळ्याच नाण्यांवर असतो.

शंभर आणि दोनशेचा घोळ

शंभर फोरिंट आधी पिवळं, एकाच धातूच्या रंगाचं होतं, १९९२ पासून. ते वीसच्या नाण्यासारखं दिसायचं, लोकांची देण्याघेण्यात फसगत व्हायची, म्हणून १९९६ ला दोन रंगांचं छोटं शंभर आलं. पण पिवळं शंभर लगेच बंद नाही झालं, १९९८ पर्यंतच्या तारखा त्यावर आहेत. म्हणजे १९९६, ९७, ९८ या वर्षांची दोन-दोन शंभर आहेत, आणि कोणी ‘९७ चं शंभर’ म्हणालं तर आधी रंग विचारायचा. २००२ चं कोशुथवालं शंभर या सगळ्यात वेगळं काढून ठेवा, ते १८४८ च्या हंगेरियन क्रांतीचा नेता लाजोश कोशुथच्या जन्माच्या द्विशताब्दीचं आहे.

दोनशेचं प्रकरण जरा महागात पडतं. १९९२ पासून दोनशे फोरिंट चांदीचं होतं, बारा ग्रॅम, निम्मी चांदी, १९९४ च्या नाण्यावर हंगेरीचा जुना राजकारणी फेरेन्त्स देआक. १९९८ मध्ये ते चलनातून गेलं आणि त्याजागी नोट आली. नोटही पुढे २००९ ला गेली आणि तिच्याजागी दोन रंगांचं, बुडापेस्टच्या साखळीपुलाचं चित्र असलेलं नाणं आलं. आता एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने हे साखळीपुलाचं दोनशे ‘सिल्व्हर’ म्हणून लावलं होतं आणि एका विद्यार्थ्याने ते चांदीच्या भावाने उचलायला पाकीट काढलं होतं, मी शेजारी उभा होतो म्हणून वाचला. दोन रंग दिसतायत ना, मग चांदी कुठून येणार! छोटा डिजिटल वजनकाटा खिशात ठेवा, साखळीपुलाचं नाणं नऊ ग्रॅम भरतं, चांदीचं बारा. काट्याशिवाय मी हंगेरीची चांदी घेतच नाही. १९४६ चं कोशुथचं पाच फोरिंट वीस ग्रॅमचं, १९४७ चं बारा ग्रॅमचं आणि चांदीही कमी, तरी ४६ चा भाव सांगून ४७ चं विकणारे भेटतात.

‘हंगेरीचा युरो’

हे नाणं अस्तित्वातच नाही. हंगेरी १ मे २००४ ला युरोपियन युनियनमध्ये गेली पण चलन आजही फोरिंटच आहे. बाजारात जे चकचकीत डबीतले ‘हंगेरी युरो २००४’ संच मिळतात ती खाजगी लोकांनी छापलेली नमुन्याची नाणी आहेत, त्यावर कुठेतरी बारीक अक्षरात ‘प्रोब’ किंवा ‘स्पेसिमेन’ असतं. आवडली तर घ्या, पण हंगेरीच्या पानात लावू नका आणि टाकसाळीचं म्हणून पैसे मोजू नका.

बाकीच्या छोट्या गोष्टी

लोहचुंबक जवळ ठेवा. दोन रंगांचं शंभर चिकटतं कारण ते पोलादी आहे, १९७१ ते १९८२ ची पाच आणि दहा फोरिंट चिकटतात कारण ती निकेलची आहेत. चिकटलं म्हणजे नकली, असं कोणी सांगितलं तर मान हलवून पुढे चला.

एक आणि दोन फोरिंट १ मार्च २००८ ला चलनातून गेली, बँकेत बदलून द्यायची मुदतही २०१३ ला संपली. तेव्हा कुणाकडून किलोने मिळाली तर ‘तिकडे जाणाऱ्याच्या हातून बदलून आणू’ असा हिशोब करू नका, अल्बममध्ये प्रत्येक वर्षाचं एक ठेवा आणि बाकीची नव्या मुलांना द्या.

पीव्हीसीचे मऊ पाऊच नको. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर अजिबातच नको, दोन पावसाळ्यांत नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पुठ्ठ्याचे, मायलर या पारदर्शक फिल्मची खिडकी असलेले फ्लिप, हवाबंद डबा, सिलिका जेलची पुडी, आणि पोलादी शंभर वेगळ्या डब्यात कारण गंज आधी त्यालाच धरतो.

टाकसाळीचे वार्षिक संच फोडू नका. काही वर्षांची काही नाणी फक्त संचातच निघाली आहेत, आणि संचातलं नाणं एकदा हाताला लागलं की त्याच्यावर बोट उमटतं. सुटं हवं असेल तर सुटंच शोधा, वेळ लागला तर लागू देत.