रॅगवर्ट ओळखायचीय? मग पानं सोडा, बिया बघा

जुलै-ऑगस्टमध्ये इंग्लंडात कुठेही फिरायला जा, कुरणात, रस्त्याच्या कडेला, रेल्वेलाइनीला रॅगवर्ट पिवळीधमक फुललेली असते. कासच्या पठारावर सोनकी बघितलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते, वाटणारच, दोघींचा गोतावळा एकच. पण 'रॅगवर्ट आहे' इथपर्यंत कुणीही येतं, पुढे 'कोणती, ऑक्सफर्ड, मार्श, कॉमन की होरी?' विचारलं की सगळे पानांवर घसरतात. नेटवरचे तक्तेपण तसलेच, पान असं असेल तर ही, तसं असेल तर ती. त्या तक्त्यांच्या नादात माझे दोन उन्हाळे गेलेत.

दहापटीचं भिंग घ्या, बाकी तयारी तुम्हाला कळते. झाड उपटू नका, तिथल्या १९८१ च्या कायद्याप्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानझाड मुळासकट उपटणं गुन्हा आहे, आणि आपल्याला दोन फुलं पुरतात.

आधी पाकळ्या. पाचच असतील तर ते सेंट जॉन्स वर्ट, पाकळ्याच नाहीत आणि नुसती पिवळी बटणं आहेत तर टॅन्सी, ही दोन्ही रॅगवर्ट नव्हेत. यातलं काही नसेल तर पुढे चला.

आता फूल उलटं करा. खाली जी हिरवी वाटी असते तिच्या पट्ट्यांची टोकं बघा. सगळीच टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी, अगदी बुडाशी ज्या आखूड पट्ट्या असतात त्यांचीसुद्धा, आणि झाड बुटकं, पसरट, भिंतीच्या फटीत नाहीतर रुळाच्या खडीत उगवलेलं, तर ती ऑक्सफर्ड रॅगवर्ट. ही मूळची सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवरची, साधारण १७०० च्या आसपास ऑक्सफर्डच्या बागेत आली, तिथून निसटली आणि पुढे रेल्वे आल्यावर खडीतून देशभर पोचली, लाव्ह्याच्या राखेत वाढलेल्या झाडाला रुळाची खडी म्हणजे माहेरच. फुलतेही लवकर, एप्रिल-मेपासून.

ओल्या, पाणथळ कुरणात फुलं मोठी, फांद्या लांब पसरलेल्या, फुलोरा विरळ, आणि बुडाच्या पानांचं टोकाचं पातं मोठं लंबगोल असेल तर मार्श रॅगवर्ट. झालं.

खरी डोकेदुखी पुढे आहे, कॉमन की होरी?

होरी म्हणजे पांढुरकी, केसाळ. सगळे सांगतात पानाची खालची बाजू करडी, लवदार असेल तर होरी. मीही तेच धरून एका रविवारी एका कुरणातल्या चाळीसेक झाडांना होरी म्हणून लिहून आलो, फोटोसकट यादी पाठवली, आणि तिकडच्या झाडांच्या नोंदी तपासणाऱ्या काकांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'बिया बघितल्या का?' नव्हत्या बघितल्या. परत गेलो, सगळी कॉमन निघाली. कारण कॉमनच्या कोवळ्या देठावर आणि पानाखालीसुद्धा कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी लव असू शकते, हे तक्त्यात कुणी लिहीत नाही. होरीच्या पानाचं टोक अरुंद, अणकुचीदार असतं आणि कॉमनचं बोथट, हे खरं आहे, पण त्यावर संशय घ्यायचा, निकाल द्यायचा नाही.

तर बिया अशा बघा. ताजं फूल नको आणि म्हातारी उडायला लागलेलंही नको, मधलं घ्या, पाकळ्या सुकून लोंबायला लागल्यात पण अजून चिकटून आहेत असं. आता एक पाकळी बुडाशी धरून हळूच ओढा, तिच्यासोबत तिची बी येते, कारण ती पाकळी म्हणजे खरं तर एक अख्खं फूल आहे. ही झाली कडेची बी. मग मधल्या पिवळ्या चकतीतून चिमट्याने एक बी काढा. दोन्ही काळ्या कागदावर शेजारी ठेवा, कोणती कुठली ते विसरू नका (मी विसरलोय, परत सगळं करावं लागतं), आणि भिंगातून बघा. पांढऱ्या कागदावर ठेवू नका, केस पांढरे असतात, दिसणार कसे?

मधली केसाळ आणि कडेची तुळतुळीत, तर कॉमन. दोन्ही केसाळ, तर होरी. दोन्ही तुळतुळीत, तर तुम्ही मगाशी मार्शला चुकून पुढे आलात. एका बीवर जाऊ नका, चार-पाच बघा. आणि वाटी परत बघा, होरीला बुडाशी चार ते सहा आखूड पट्ट्या असतात, मुख्य पट्ट्यांच्या साधारण निम्म्या उंचीच्या, कॉमनच्या कमी आणि अगदीच चिमुकल्या. दोन्ही जुळलं तरच लिहा.

'पिवळे-काळे पट्टेवाले सुरवंट दिसले म्हणजे कॉमनच' असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. सिनाबार पतंगाचे ते सुरवंट बाकीच्या रॅगवर्टही खातात आणि त्यांच्याच गोतावळ्यातलं ग्राउंडसेल नावाचं तणही.

एवढा खटाटोप कशाला, तर घोड्या-गुरांना हे विष आहे, लिव्हर जातं, वाळून गवतात गेलं तरी विष तसंच राहतं. पण तिथल्या १९५९ च्या तणांच्या कायद्यात रॅगवर्टांपैकी नाव फक्त कॉमनचं आहे, आणि लोक दिसेल ते पिवळं उपटत सुटतात.

मार्श आणि कॉमन जवळजवळ असतील तर त्यांचा संकर होतो, पश्चिमेकडे बऱ्याचदा, आणि तिथे सगळंच अधलंमधलं दिसतं. असं झाड मिळालं तर जबरदस्तीने एका बाजूला ढकलू नका, संकर म्हणून लिहा. आणि कुणाला विचारायला फोटो पाठवणार असाल तर फूल उलटं करून वाटीचा एक काढा, बुडाच्या पानाचा एक, बियांचा एक. वरून काढलेल्या पिवळ्या फोटोवरून मी काहीही सांगत नाही.