रिमोट घ्यायला जाण्याआधी

कॅमेऱ्याचं शटर दुरून उघडणारा रिमोट घ्यायला दुकानात जाण्याआधी कॅमेऱ्याच्या कडेचं रबरी झाकण उघडा आणि आतलं सॉकेट नीट बघून घ्या. कॅननच्या १५००डी सारख्या छोट्या कॅमेऱ्याला २.५ मिलिमीटरची गोल पिन लागते, ५डी सारख्या मोठ्याला तीन पिनांची वेगळी, निकॉन डी५६०० ला तिसरीच. निकॉन डी३५०० ला तर रिमोटचं सॉकेट नाही आणि इन्फ्रारेडचा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखे किरण टिपणारा, डोळाही नाही. तो मोबाइलच्या ॲपवरून ब्लूटूथने चालवायचा. त्यामुळे ‘सगळ्या कॅमेऱ्यांना चालतो’ असं खोक्यावर छापलेलं असलं तरी आपलं मॉडेल यादीत बोट ठेवून सापडल्याशिवाय पैसे काढू नका.

मग फोटो कसले काढणार ते ठरवा. गणपतीपुढे घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो, एवढंच हवं असेल तर इन्फ्रारेडचा स्वस्त रिमोट पुरतो. पण त्याला कॅमेऱ्याचा डोळा समोर दिसावा लागतो, पाचेक मीटरच्या पुढे भरवसा नाही, आणि कडक उन्हात तेवढाही नाही. माझा पहिला रिमोट असाच होता. संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला ट्रायपॉड लावला, मासुंदा तलावाच्या पाण्यात दिवे उतरलेले, मी कॅमेऱ्यामागे उभा राहून बटण दाबतोय आणि शटर काही उघडत नाही. डोळा पुढच्या बाजूला, ग्रिपवर. हात वळसा घालून लेन्सच्या बाजूला नेला, तेव्हा कुठे खट् झालं.

पक्षी काढायचे असतील तर रेडिओचाच घ्या, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा. खाडीला भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि फ्लेमिंगो आत, नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या डीपीएस तलावात येतात. आपण काठाला चिकटून बसलो की थवा लांब सरकतो. त्यापेक्षा ते यायच्या आधीच कॅमेरा खाली, पाण्याच्या पातळीला लावून ठेवायचा, फोकस पक्का करून मॅन्युअलवर टाकायचा आणि झुडपामागे सरकायचं. रेडिओला झुडूप आड येत नाही. पक्ष्यांना त्रास नाही, हे मला फोटोइतकंच महत्त्वाचं वाटतं.

या रिमोटचा रिसीव्हर हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत, बसतो आणि त्यातून केबल कॅमेऱ्यात जाते. ती केबल सुटी निघणारी हवी, म्हणजे उद्या कॅमेरा बदलला तरी फक्त केबल बदलावी लागेल. माझ्या मते दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण ही गोष्ट सोडू नका. फ्लॅश दुरून पेटवणारा ट्रिगर दिसायला अगदी असाच असतो, त्यातले बरेच शटर उघडत नाहीत. तेव्हा विचारून घ्या.

दुकानातच कॅमेरा लावून बटण अर्धं दाबून बघा, फोकस धरला पाहिजे. पुरतं दाबून पुढे सरकवल्यावर ते तसंच अडकून राहतं का तेही बघा. पावसाळ्यात येऊरच्या डोंगरावरची वीज धरायची तर बहुतेक कॅमेऱ्यांचं शटर जास्तीत जास्त ३० सेकंद उघडं राहतं ते कमी पडतं आणि बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं ठेवणाऱ्या बल्ब मोडवर जावं लागतं. तिथे बटण मिनिट-मिनिट दाबून ठेवायला अंगठा पुरत नाही.

सेल कुठला लागतो ते वाचून त्याचा एक जादा सेल पिशवीत टाका. घरी आल्यावर कॅमेऱ्याचं आपोआप बंद होणं लांबवा, ट्रायपॉडवर लेन्सचं हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा आणि डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर झाकायला काळ्या कापडाचा तुकडा रिमोटलाच बांधून ठेवा, नाहीतर रात्री मागच्या दिव्याचा उजेड तिथून आत शिरतो.