चष्मा तुटायची वाट पाहू नका, डोळे दाखवून घ्या

नवीन देशात आल्यावर पहिले सहा महिने कागदपत्रं, घर, बँक, मुलांची शाळा यातच जातात. डोळ्यांची आठवण होते ती चष्मा तुटल्यावर, नाहीतर गाडीच्या परवान्यासाठी तक्ता वाचायला लावल्यावर. मीही इथे आल्यावर चार वर्षं डोळे कुणाला दाखवले नव्हते. दिसतंय ना नीट, मग दाखवायचं कशाला?

चष्म्याची काडी तुटली म्हणून शेवटी गेलो. हनुवटी यंत्राच्या पट्टीवर, कपाळ पुढे टेकवलेलं, निळा उजेड अगदी बुबुळापर्यंत आलेला, आणि तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू आहे?" वडिलांना होता. मग एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात पाहायला लावलं. दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याने नाकाच्या बाजूचे कितीतरी दिवे मला दिसलेच नव्हते, आणि दिसत नाहीत हे मला ठाऊकही नव्हतं. काचबिंदू बहुतेकदा असाच येतो. दुखत नाही, समोरचं स्पष्ट दिसत राहतं, नजर कडेने जात राहते. गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी, लेझरने किंवा शस्त्रक्रियेने डोळ्यातला दाब कमी ठेवून उरलेली जपता येते. मी रोज रात्री थेंब घालतो. म्हणूनच कळकळीने सांगतो: आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर कुणी विचारायची वाट न पाहता पहिल्याच भेटीत सांगा. नुसता दाब मोजून भागत नाही. 10 ते 21 (मिलिमीटर पारा) हा दाब सर्वसाधारण मानतात, पण तेवढ्या दाबातही काचबिंदू होतो, म्हणून डोळ्याच्या मागची नसही पाहून घ्यायला सांगा.

आता जायचं कुणाकडे? बऱ्याच देशांत पहिली पायरी ऑप्टोमेट्रिस्टची. ते नंबर काढतात, दाब मोजतात, डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) पाहतात, आणि काही वेगळं आढळलं तर चिठ्ठी देऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. ऑप्टिशियन त्या नंबरचा चष्मा बनवून देतात. ही तीन वेगळी माणसं आहेत. चष्म्याच्या दुकानात नंबर निघाला म्हणजे डोळे तपासून झाले असं धरू नका. विम्याचंही तसंच. आजाराचा खर्च एका पॉलिसीत आणि चष्म्याचा दुसऱ्याच, असं पुष्कळ ठिकाणी असतं. भेट ठरवायच्या आधी विचारून घ्या.

मायदेशातून येताना जुन्या नंबरचा कागद आणा. नवा कागद हातात पडला की अनेकजण घाबरतात. नजर 6/6 ऐवजी 20/20 किंवा 1.0 अशी लिहिलेली असते. तिन्हींचा अर्थ एकच, पहिलं मीटरमध्ये, दुसरं फुटांत आणि तिसरं दशांशात. सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईसाठीचा, नंबरही दोन तऱ्हांनी लिहितात. उणे 2.00, सिलिंडर उणे 1.00, अक्ष 180 आणि उणे 3.00, सिलिंडर अधिक 1.00, अक्ष 90 ही एकच काच आहे. माझ्या ओळखीतल्या एकाने हे न कळल्यामुळे नंबर एका झटक्यात वाढला म्हणून दोन रात्री झोप घालवली. दोन बाहुल्यांमधलं अंतर त्याच कागदावर लिहून मागा, दुसरीकडे चष्मा करताना ते लागतं.

सामानात आणलेल्या थेंबांच्या बाटल्यांबद्दल मला खरी काळजी वाटते. डोळा लाल झाला की जुनी बाटली उघडायची सवय मोडा. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली लगेच उतरते, पण सल्ल्याशिवाय बरेच दिवस घातल्यास दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो. हीटर लावलेल्या बंद खोल्यांत दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोळे चुरचुरतात, तो बहुतेकदा कोरडेपणा असतो. त्याला कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात, आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहणं.

चाळिशी लागली तर लाजू नका, ती सगळ्यांनाच लागते. मधुमेह असेल तर मात्र नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासायचा. साखर वरखाली होत असताना नंबरही बदलतो, तेव्हा ती स्थिरावल्यावरच चष्मा करा.

मुलांची तपासणी शाळेवर सोडू नका. एक डोळा कमजोर असलेलं मूल तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी सगळ्यांना असंच दिसतं. एक डोळा झाकल्यावरच ते कुरकुरतं का, टीव्ही मान तिरकी करून पाहतं का, हे घरी बघा. अशा कमजोर, म्हणजेच आळशी डोळ्यावरचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर उत्तम गुण येतो.

काही गोष्टींत भेटीची तारीख घेत बसायचं नाही, त्याच दिवशी तातडीच्या विभागात जायचं: अचानक काळे ठिपके आणि विजेसारखे चमकारे, नजरेवर पडदा सरकल्यासारखं वाटणं, एकाएकी दिसेनासं होणं, किंवा डोळा लाल होऊन ठणकणं आणि दिव्याभोवती वलयं दिसून उलट्या होणं. डोळ्यात रसायन उडालं तर निघायच्या आधी नळाखाली किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा.

भाषा अडत असेल तर दुभाष्या मिळेल का, हे भेट ठरवतानाच विचारा. आणि बाहुली मोठी करायचे थेंब घालणार असतील, तर गाडी चालवायला सोबत कुणीतरी न्या. काही तास जवळचं अंधुक दिसतं आणि उजेड सहन होत नाही.